पन्ह्याचा पेला आणि डोंगराची साक्ष

दिल्लीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर मी कुतुबमिनार पाहिला नाही, लाल किल्ला टॅक्सीच्या काचेतून पाहिला, आणि राष्ट्रपती भवन म्हणून जे काही लांबून दाखवलं गेलं ते धुळीच्या पडद्यामागे होतं. हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे असे बघतात, की बाईंचं तिकीट वाया गेलं. तसं ते गेलेलं नाही, हे एकदा नीट सांगावं म्हणून हा सगळा खटाटोप.

मी मूळची वाईची. तरुणपणी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून आले. लवकरच बदली करून घेईन, असं आईला सांगून निघाले होते. आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली, अजून तिथेच आहे. शाळेच्या पलीकडे माडिया गोंडांचं गाव आहे आणि गावामागे डोंगर. डोंगराचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण गावाबाहेर ते घेत नाहीत. त्या डोंगरात लोखंड आहे, हे सरकारला ठाऊक होतं आणि नंतर एका परदेशी कंपनीलाही कळलं. कंपनीला खाणीची परवानगी मिळाली. ग्रामसभेनं विरोध केला, हा आमच्या देवाचा डोंगर आहे म्हणून सांगितलं, आणि बऱ्याच वर्षांच्या अर्जविनंत्यांनंतर सरकारनं ती परवानगी रद्द केली. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण दोन देश जेव्हा गुंतवणुकीचा करार करतात, तेव्हा एकमेकांच्या कंपन्यांना नीट वागवण्याचं वचन देतात. त्या वचनावर बोट ठेवून कंपनीनं भारत सरकारविरुद्धच आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा लावला. तिचं म्हणणं असं, की डोंगराचं पावित्र्य वगैरे सगळं मागाहून रचलेलं आहे. कंपनी येण्याआधी कुठल्याही कागदावर त्याचा उल्लेख नाही. सरकारचं म्हणणं, आदिवासींचा सांस्कृतिक वारसा जपणं हे आमचं कर्तव्यच आहे. गावाची भीती वेगळीच होती. सरकार हरलं तर भरपाई टाळण्यासाठी समझोता होईल आणि समझोत्यात आपला डोंगर जाईल. या भांडणात गाव ना वादी, ना प्रतिवादी. गावाला बोलायला एकच जागा होती, ती म्हणजे साक्षीदाराची खुर्ची.

त्या खुर्चीवर बसायला रैनूदादा दिल्लीला निघाले होते. ते गावाचे पेरमा, म्हणजे देवकार्य करणारे प्रमुख. वयानं माझ्याच आसपास, बोलणं मोजकं. त्यांचं मराठी आमच्या बाजारात शिकलेलं आहे, त्यामुळे त्यात व्याकरण कमी आणि अर्थ पुरेपूर. सोबतीला मी. रेल्वेतले तास इथे गाळते, कारण ते सगळ्यांचे सारखेच असतात.

विमानतळाजवळचं हॉटेल

सरकारच्या बाजूनं आम्हाला सांभाळायला अन्विता नावाची एक तरुण वकील होती. दिल्लीचीच, चटपटीत, एका कानाला कायम फोन. तिनं आम्हाला विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात उतरवलं, कारण तीन लवादांसमोरची सुनावणी तिथल्याच एका दालनात व्हायची होती. खोल्या सुंदर होत्या, फक्त मला त्यांत वावरता येत नव्हतं. मी हात धुवायला म्हणून न्हाणीघरातली कुठलीशी कळ फिरवली आणि छतातून पाणी कोसळलं. अंगावर साडी, पायात चपला. ओली होऊन बाहेर आले तर फोन वाजला. खालून विचारत होते, सगळं व्यवस्थित आहे ना. मी म्हटलं, उत्तम आहे.

रैनूदादांचं दुखणं निराळं होतं. खिडकी उघडत नव्हती. त्यांनी ती ढकलून पाहिली, कड्या शोधल्या, मग माझं दार वाजवलं.

"बाई, ही खिडकी कायले लावली?"

"बाहेर बघायला."

"मंग बाहेरची हवा आत येऊ नये म्हून एवढा काच कायले?"

सकाळी पाहिलं तर दादा हॉटेलच्या मागच्या बागेतल्या बाकावर बसलेले. दोन रखवालदार त्यांना हिंदीत समजावत होते आणि दादा त्यांना माडियात. दोन्ही बाजू अगदी सौजन्यानं वागत होत्या. मी त्याच क्षणी वैशालीला फोन लावला.

वैशाली म्हणजे आमच्या शाळेतल्या रामटेके सरांची मुलगी. आता केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी आहे आणि नवरा मिलिंद दुसऱ्या खात्यात. लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. तासाभरात ती गाडी घेऊन हजर.

"मावशी, हद्द करता यार तुम्ही! मी दिल्लीत असताना हॉटेलात राहता? काका, चलो, सामान घ्या."

अन्विताची परवानगी घेतली आणि निघालो. अन्विताचे उपकार किती मानावेत, ते पुढे कळेलच.

लक्ष्मीबाई नगर

वैशालीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारात तुळतुळीत पुसलेल्या पायऱ्या, दिवाणखान्यात बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या. दादांनी आधी प्रत्येक खिडकीतून खाली पाहून घेतलं. एका खिडकीबाहेर कडुनिंब होता, दुसरीबाहेर जांभूळ. दिल्लीच्या रस्त्यांवरची झाडं हे मला त्या शहराचं सगळ्यात मोठं वैभव वाटलं. पुण्यात आता एवढी सावली उरलेली नाही, हे सांगताना वाईट वाटतं.

त्या इमारतीत खालच्या मजल्यावर तमिळ कुटुंब, समोर आसामी, वर राजस्थानी. जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळ्या फोडणीचा वास. वैशालीच्या स्वयंपाकघरातून मात्र पाटवडीच्या रश्शाचा तिखट वास आला आणि मला एकदम चंद्रपूर आठवलं. जेवताना तिची मुलगी सुरभी म्हणाली, "आजी, ते भांडं पास करा ना, वो वाला... काय म्हणतात?" तिला 'वाडगा' आठवत नव्हता. दादांनी वाडगा उचलून तिच्या पुढ्यात ठेवला आणि त्याचं माडिया नाव सांगितलं. ते तिनं लगेच पाठ केलं, 'वाडगा' मात्र संध्याकाळपर्यंत पुन्हा विसरली.

जेवताना मी वैशालीला एक गोष्ट बजावली होती. माडिया लोकांत जंगलातलं कुठलंही नवं फळ आधी देवाला आणि पूर्वजांना वाहतात, मग माणसं खातात. त्या सणाला पंडुम म्हणतात. आंब्याचा पंडुम व्हायला अजून अवकाश होता. तोवर गावात लहानसहान पोरंसुद्धा बाळकैरी तोंडात घालत नाहीत. पंडुम डोंगराच्या पायथ्याशी होतो आणि तो करतो पेरमा. दादांनी दिलेल्या लेखी जबाबाचा गाभाच हा होता. डोंगराला आधी, आम्हाला नंतर. वैशालीनं सगळं नीट ऐकलं, कैरीच्या रसभाजीचं, कोयाड्याचं पातेलं फ्रिजमध्ये आत सरकवलं आणि टेबलावरचे दोन आंबे कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही अन्विताकडे तयारीला गेलो. उलटतपासणी म्हणजे काय, प्रश्न कसे येतील, दुभाषी कुठे बसेल, हे तिनं समजावून सांगितलं. उत्तरं मात्र एकही शिकवली नाही. "अंकल, जो मालूम है वो बोलिए, जो नहीं मालूम, बोलिए नहीं मालूम," एवढंच. परत येताना ऊन मी म्हणत होतं. आमच्याकडचं ऊन कडक असलं तरी घाम येतो आणि बरं वाटतं. दिल्लीचं ऊन कोरडं, माणसाला पापडासारखं वाळवतं. रस्त्यात दादांच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून शेवटचा टप्पा ते अनवाणी चालले. दारात पोचलो तेव्हा दोघांच्या घशाला कोरड पडली होती.

वैशालीनं थंडगार पेले पुढे केले. मी एका दमात पेला संपवला आणि दुसरा मागितला. वेलची, केशर, वर भाजलेलं जिरं आणि पुदिना. दादांनीही पेला रिकामा केला. मग ओठ पुसले, पेल्याच्या तळाशी पाहिलं आणि विचारलं, "हे कायचं आहे?"

"पन्हं आहे काका. कैरीचं. मस्त झालंय ना?"

बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. आता विचार करते तेव्हा आमच्या डोक्यातला घोळ मला स्वच्छ दिसतो. आमच्या वाईला चैत्रात घरोघरी हळदीकुंकवाला पन्हं आणि कैरीची डाळ असायची. तिच्या घरी उन्हाळा लागला की आई पन्ह्याचं पातेलं ठेवायची. आंबा म्हणजे पिकलेला आंबा, कैरी म्हणजे लोणचं-चटणी, आणि पन्हं म्हणजे नुसतं सरबत. आम्ही आंबा कपाटात ठेवला, कोयाडं आत सरकवलं आणि पन्हं हौसेनं करून पाजलं. मी तर समोर बसून दोन पेले रिचवले आणि तरीही ट्यूब पेटली नाही.

दादा उठून खिडकीपाशी गेले आणि कडुनिंबाकडे बघत उभे राहिले. वैशालीला रडू फुटलं. रडताना तिचं दिल्लीचं मराठी गळून पडलं. "काका, मले काही सुचलंच नाही हो. मी कायले केलं असं!"

दादा वळले. "तू रडू नको. मी तहानेला आलो, तू पाजलं. तुझं काय चुकलं? विचारून प्यायचं काम माझं होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, मी आता डोंगराच्या वतीनं नाही बोलू शकत."

साक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी होती. साक्षीदार उलटतपासणीला बसला नाही, तर त्याचा लेखी जबाब लवाद बाजूला ठेवतात, हे अन्वितानं दुपारीच सांगितलं होतं. गावाच्या वतीनं दुसरं कोणीही नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "दादा, चुकून झालं ना? परत गेल्यावर काय ते प्रायश्चित्त..."

"चुकून झालं तरी झालंच ना," ते म्हणाले. "गावाले विचारतो."

आमच्या गावात फोनची रेंज शाळेच्या गच्चीवर येते. दादांनी मंगलूला फोन लावला. मंगलू हा दादांच्या खालोखालचा वडीलधारा. त्यानं गच्चीवर माणसं जमवली आणि दिवेलागणीच्या सुमाराला तिकडून फोन आला. आम्ही तो मध्ये टेबलावर ठेवून सगळे भोवती बसलो. वैशाली, मिलिंद आणि सुरभी यांना एक शब्द कळत नव्हता, तरी कोणी हललं नाही. मी ऐकत होते. दादांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पलीकडे बराच गलका झाला. एका म्हातारीचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "तहान लागली होती तर दिल्लीत पाणी नव्हतं का रे?" गच्चीवर हशा पिकला. दादाही हसले. मला तेवढ्यानंच जरा धीर आला.

मग ठरलं ते असं. यंदा रैनू पेरमा नाही. यंदाचा पंडुम मंगलू करेल आणि त्या दिवशी गावातल्या सगळ्यांनी आंबा खाल्ल्यावर रैनू खाईल. दिल्लीत त्यानं बोलावं, पण स्वतः पाहिलेलं आणि केलेलं तेवढंच. देवाचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःला पेरमा म्हणवायचं नाही.

दादांनी मान डोलावली. बापाच्या हातून आलेलं काम एका पेल्यापायी गेलं होतं. त्यांनी फोन बंद केला आणि हात थोडा वेळ तसाच टेबलावर ठेवला. ते पाहून मला जे वाटलं, ते लिहून सांगता येत नाही.

मी अन्विताला कळवलं. ती म्हणाली, "दीदी, उनके बयान की पहली लाइन ही यही है कि मैं पेरमा हूँ. वो लोग इसी पर पकड़ लेंगे." मी काही बोलणार एवढ्यात तिनंच पुढे म्हटलं, "नहीं. जो हुआ है वही बोलेंगे. सुबह सबसे पहले मैं खुद बता दूँगी कि बयान में एक बात बदली है." तिनं दुसरं काही सुचवलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. तिनं ती वेळच येऊ दिली नाही, याबद्दल मी त्या मुलीची जन्मभर ऋणी आहे.

इकडे वैशाली डोळे पुसून उभी राहिली आणि तिनं जाहीर केलं, "काका, तुमचा पंडुम होईपर्यंत या घरात आंबा येणार नाही. बिल्कुल नाही." सुरभीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मिलिंद हळूच म्हणाला, "अगं, ती हापूसची पेटी मागवली आहे रत्नागिरीहून." "कॅन्सल कर." मिलिंद शिस्तीचा सरकारी माणूस. त्यानं निमूटपणे फोन उचलला.

साक्षीचा दिवस

दालनात गालिचा इतका जाड होता, की कोणाची पावलं वाजत नव्हती. दोन्ही बाजूंच्या संमतीनं मला मागच्या रांगेत बसू दिलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. समोर तीन लवाद. मधल्या अध्यक्ष पिकल्या केसांच्या, शांत डोळ्यांच्या बाई होत्या. दुभाषी बाई दिल्लीतल्याच, मराठी. दादांनी मिलिंदच्या चपला घातल्या होत्या, त्या त्यांना मोठ्या होत होत्या. खरं बोलण्याची शपथ त्यांनी उभं राहून घेतली.

अन्वितानं आधीच उठून बदल सांगितला. कंपनीचे वकील उंच, वयस्कर, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी तो धागा लगेच उचलला. मी इथे देते ते दुभाषी बाईंच्या मराठीतून ऐकलेलं.

"लेखी जबाबात आपण म्हणता, मी गावाचा पेरमा आहे. आज म्हणता, नाही. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही. तवा होतो. आता नाही."

"कधीपासून नाही?"

"कालपासून."

"काल काय झालं?"

दादांनी सांगितलं. ऊन, चपला, पेला, कैरी. दुभाषी बाईंना पन्ह्याला इंग्रजी शब्द सापडेना. त्यांनी बरंच लांबलचक वर्णन केलं आणि एक लवाद ओठांवरून जीभ फिरवताना मी पाहिले.

"हे आपल्या गावाला कोणी कळवलं?"

"मीच."

वकिलांनी कागद खाली ठेवले. "मी आपल्याला स्पष्टच विचारतो. कंपनी येण्याआधी या प्रथेची कुठे नोंद नाही. आणि आता बरोबर सुनावणीच्या आदल्या दिवशी, या शहरात, ती प्रथा मोडल्याबद्दल आपल्याला पद गमवावं लागतं. हे लवादाला दाखवण्यासाठी केलेलं आहे, असं मी म्हटलं तर?"

दादांनी प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, "दाखवायचं असतं तर मी पेरमा राहूनच दाखवलं असतं. पेरमाचं बोलणं जास्त लोक ऐकतात."

"त्या घरात आपल्या गावातलं कोणी होतं?"

"नाही. ह्या बाई होत्या. पन त्या वाईच्या."

काही माणसं हसली. मी तोंड न उघडण्याची अट पाळली.

"म्हणजे आपण काय प्यायलात, हे पाहणारं गावातलं कोणीच नव्हतं."

दादांना तो प्रश्न खरोखरच कळला नाही, असं मला वाटलं. त्यांनी दुभाषी बाईंकडे पाहिलं, मग वकिलांकडे.

"मी होतो ना," ते म्हणाले.

दुभाषी बाईंनी तेवढेच शब्द इंग्रजीत सांगितले. वकिलांनी आणखी काही प्रश्न विचारले, वाटांबद्दल, देवाच्या जागेबद्दल, तिथे बांधकाम का नाही याबद्दल. दादांनी माहीत होतं ते सांगितलं आणि नव्हतं तिथे नाही म्हणाले. देवाचं नाव त्यांना दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा त्यांनी हात जोडून नकार दिला. शेवटी अध्यक्षबाईंनी एकच विचारलं, "आपण पुन्हा पेरमा कधी व्हाल?"

"गाव म्हणेल तवा."

त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर कंपनीचे ते वकील आमच्या जवळून जाताना थांबले, दादांना वाकून नमस्कार केला आणि गेले. विरुद्ध बाजूचा माणूस असा वागल्यावर त्याच्यावर नीट चिडताही येत नाही.

लवादांचा निकाल अजून आलेला नाही. अन्विता म्हणते, वेळ लागेल. डोंगराचं काय होईल, ते मला आज सांगता येत नाही. पण त्या खुर्चीवरून जे बोलायचं होतं ते बोलून झालं, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

रिज आणि पहाडगंज

परतीच्या गाडीला अवकाश होता. मिलिंदनं विचारलं, काका काय बघायचं? दादा म्हणाले, "इथला डोंगर." आम्ही सगळेच चाट पडलो. मग मिलिंदनं आम्हाला रिजवर नेलं. शहराच्या मधोमध उरलेला अरवलीचा उंचवटा, काटेरी झुडपं, लालसर खडक आणि भरपूर माकडं. आमच्या डोंगरापुढे ती टेकडीच. दादांनी एका खडकावर हात ठेवला, आजूबाजूला कुठे दगड मांडलेला, शेंदूर लावलेला दिसतो का ते पाहिलं, आणि मग चपला काढून ठेवल्या. कोणाचा असेल ते ठाऊक नाही, पण कोणाचा तरी असणारच, असं त्यांचं म्हणणं. एका माकडानं तेवढ्यात मिलिंदच्या एका चपलेवर हात मारला. ती परत मिळवण्यासाठी त्याला एक आख्खा बिस्किटाचा पुडा द्यावा लागला.

दादांना स्वतःच्या चपला घ्यायच्या म्हणून स्टेशनाआधी पहाडगंजला उतरलो. गल्लीत हातगाडीवर मटर-कुलचा खाल्ला. कुलचा दादांना आवडला, कांदा त्याहून जास्त. तिथे जवळच एक जुनी मराठी शाळा आहे, हे मला वैशालीनं सांगितलं होतं. नेमकी शाळा सुटली आणि पोरांचा लोंढा रस्त्यावर आला. "ए, माझी बाटली दे!" "नहीं दूँगा, आधी वही दे!" मराठी, हिंदी सगळं एकत्र ओरडत होते. इतक्या दूर, होलसेलच्या दुकानांमध्ये, कोणीतरी वर्षानुवर्षं या मुलांना बाराखडी शिकवत आलं आहे. शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी यायला एवढं पुरतं. मनातल्या मनात मी त्या सगळ्या मास्तरांना नमस्कार केला.

स्टेशनवर वैशालीनं डबा दिला. दशम्या, चटणी, आणि एक बाटली. दादांनी बाटलीकडे पाहिलं. ती घाईघाईनं म्हणाली, "पाणी आहे काका, फक्त पाणी."

आंब्याचा पंडुम

काही आठवड्यांनी पंडुम झाला. मी गेले होते. डोंगराच्या पायथ्याशी मंगलूनं सगळं केलं, थोडं अडखळत. दादा गर्दीत उभे होते, इतरांसारखेच. एकदा मंगलू चुकला, तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण ते पुढे झाले नाहीत. मग पानांवरून फोडी वाटल्या गेल्या. आधी म्हातारी माणसं, मग पोरं, मग बाया, मग पुरुष, मग मी. सगळ्यात शेवटी दादांच्या हातावर एक फोड ठेवली गेली.

सगळ्यांचं खाऊन झालं. पोरं कोयी चोखत पळाली. फोड मात्र दादांच्या हातातच होती.

"खा की दादा," मी म्हटलं. "सगळ्यांचं झालं."

"दिल्लीवाले राहिले ना," ते म्हणाले. "लावा फोन."

आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो. वैशालीनं पहिल्याच घंटीला उचललं. "झाला का, मावशी?" झाला म्हटल्यावर मागून सुरभीची आरोळी ऐकू आली. मिलिंदनं सकाळीच आंबे आणून ठेवले होते, कोणी हात लावला नव्हता. दादांनी फोन माझ्याकडून घेतला.

"पोरी, पहिली फोड जमिनीले दे. मंग तुमी खा."

"काका, आम्ही तिसऱ्या मजल्यावर..." ती थांबली. "थांबा. फोन ठेवू नका."

सुरीचा आवाज आला, मग दार, मग जिन्यावरच्या चपला. दादा फोन कानाशी धरून उभे होते आणि मी त्यांच्या कानाशी कान लावून. खाली कुठेतरी पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. बहुधा तो कडुनिंब असावा. रखवालदाराचा आवाज आला, "मैडम, कुछ गिर गया क्या?"

"नहीं भैया," वैशाली म्हणाली, "गिरा नहीं. रख रही हूँ."

ती परत वर गेली. तिघांनी खाल्ल्याचं दादांनी प्रत्येकाच्या तोंडून वेगळं वदवून घेतलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि आपल्या हातातली फोड तोंडात टाकली.